एका जागी ठोकलेला आकडा

कुरकुंभच्या एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये संगणक आला त्याला आठवडा झाला होता, आणि त्या आठवड्यात त्याच्यावर कव्हर घालायचं काम तेवढं नेमाने झालं होतं. लुबनाला पॅकिंगमधून लॅबमध्ये घेतलं ते तिने दौंडला संगणकाचा क्लास केला होता म्हणून. लॅबचे प्रमुख हौशीराम आप्पा मात्र वीस वर्षं रजिस्टर आणि कॅल्क्युलेटरवर काम करत आलेले.

"दोन वाजायच्या आत चाळीस नमुन्यांची उत्तरं माझ्या रजिस्टराशी जुळली न्हाईत, तर हा डबा झाकायचा आन् तू उद्यापासनं परत पॅकिंगला," आप्पा म्हणाले.

"जुळतील, आप्पा."

बोलून तर बसली! प्रत्येक नमुन्याच्या मापाला त्या दिवशीच्या द्रावणाच्या फॅक्टरने, म्हणजे त्याच्या नेमक्या ताकदीच्या आकड्याने गुणायचं, काम एवढंच. आप्पा रजिस्टरात फॅक्टर वर एकदा लिहीत, खाली नुसत्या डिट्टोच्या खुणा. लुबनानेही तोच फॅक्टर वर D1 या घरात एकदा लिहिला, पहिल्या नमुन्यासमोर सूत्र घातलं आणि ते खालपर्यंत कॉपी केलं. पहिलं उत्तर बरोबर. बाकी एकोणचाळीस भोपळे.

आप्पा मिशीत हसले. लुबनाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिने खुर्ची सोडली नाही. एकेका घरावर जाऊन ती सूत्र वाचू लागली. पहिल्यात B2 गुणिले D1, म्हणजे पहिलं माप गुणिले फॅक्टर. दुसऱ्यात B3 गुणिले D2. तिसऱ्यात B4 गुणिले D3. म्हणजे सूत्र खाली उतरलं की मापाबरोबर फॅक्टरचं घरही खाली सरकत होतं, आणि तिथे तर काहीच लिहिलेलं नव्हतं! यंत्राला डिट्टो कुठून कळणार? माप सरकायलाच हवं होतं. फॅक्टर तेवढा जागचा हलायला नको होता.

तिने पिशवीतून क्लासची वही काढली. तिथे सहा जणींत एक संगणक, त्यामुळे निम्मं नुसतं फळ्यावरून उतरवलेलं. शेवटच्या पानावर सापडलं: 'घर हलू द्यायचं नसेल तर अक्षराआधी आणि आकड्याआधी डॉलरची खूण.' तिने $D$1 केलं, पुन्हा कॉपी केलं. चाळीसही उत्तरं रजिस्टराशी जुळली.

द्रावणाची बाटली जागेवर ठेवायला उचलली आणि तिने लेबल पुन्हा वाचलं. आजची तारीख, आप्पांचंच अक्षर, फॅक्टर ०.९८. रजिस्टरात मात्र १.०२, कालच्या बाटलीचा. गप्प बसली असती तर लॅबमधलं काम हातात होतं. पण हे औषध कुणाच्या तरी पोटात जाणार होतं.

"आप्पा, रजिस्टरातला फॅक्टर कालचा हाय."

आप्पांनी लेबल दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "व्हय गं... आता समदं परत गुणायचं? पावणेदोन झालं की!"

लुबनाने D1 मध्ये ०.९८ लिहिलं आणि एन्टर दाबलं. आप्पांच्या डोळ्यांदेखत चाळीस आकडे बदलले. त्यांनी तीन उत्तरं कॅल्क्युलेटरवर करून पाहिली. मग चौथंही.

आप्पांनी टेबलाखालचं संगणकाचं कव्हर उचललं, झटकलं आणि रजिस्टरावर घातलं.