प्रेमलाबाईंची ओटी

बारा दिवसांत प्रेमलाची पाठ धड जमिनीला लागली नव्हती. आष्टीपासून दोन कोसांवरच्या त्या वाडीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ शिरली, तेव्हा निजाम सरकारनं एक डॉक्टर, दोन नर्सा आणि विहिरीत टाकायचं लाल औषध पाठवलं. औषध तिसऱ्या दिवशी संपलं. डॉक्टर सलाइनच्या बाटल्या आणायला परतूरला गेले, त्याला दोन दिवस झाले. उरल्या दोन नर्सा, आणि कालपासून त्यांतलीही एकटी प्रेमलाच उभी होती.

दुसरी, तारा, गायरानातल्या तुराट्यांच्या मांडवात रोग्यांच्या रांगेत पडली होती. जालन्याची वीस वर्षांची पोर. तीन दिवसांमागं तिनं आपलं गाठोडं बांधलं होतं. "अक्का, मला न्हाई होत आता. हात थरथरून राह्यले माझे. मला घरी जाऊ द्या," असं ती रडून म्हणाली होती. प्रेमलानंच तिला थांबवलं. "अगं, लोक किती मानून राह्यले आपल्याला, बघ तरी. आणखी दोन दिवस काढ, मंग मीच तुला गाडीत बसवते." ते दोन दिवस प्रेमलाच्या छातीवर दगडासारखे बसले होते.

लोक मानत होते, हे मात्र खोटं नव्हतं. प्रेमला वाडीत शिरली की बायका तिच्या पावलाखालची माती कपाळाला लावत. एका बाळंतिणीनं पोरीचं नावही प्रेमला ठेवलं. रोज कुणीतरी भाकरी आणि ठेचा आणून मांडवापासून पन्नास पावलांवरच्या दगडावर ठेवून जाई. त्या दगडाच्या अलीकडं मात्र कुणी येत नव्हतं. कौतुक गाडाभर, मदतीला हात एकाचाही नाही. एकटी चतुराबाई मांडवात राबायची, ती म्हातारी पटकीतून उठली होती आणि घरी परत जावं असं तिचं कुणी उरलंच नव्हतं. ती पाणी पिऊन जगली होती, पण तिला विचाराल तर ती देवीच्या कृपेनं जगली होती. पटकीच्या माणसाला पाणी दिलं की रोग चढतो, हे सगळ्या वाडीसारखंच तिलाही पक्कं ठाऊक होतं. प्रेमलाच्या धाकानं ती पाजायची, एवढंच.

आज सकाळपासून ताराची नाडी कशीबशी हाताला लागत होती. उकळून गार केलेलं मीठसाखरेचं पाणी प्रेमला तिला चमच्या-चमच्यानं पाजत होती. जास्त दिलं की उलटायचं, थांबलं की डोळे आणखी खोल जायचे. डॉक्टर येईपर्यंत चमचा चालू राहिला तर पोर जगेल आणि थांबला तर जाईल, इतका तो साधा हिशेब होता.

उन्हं चढली तशी बाहेर हलगी वाजली. दगडापाशी वाडीतल्या बायका जमल्या होत्या, आणि पुढं नंदाबाई होती. तिच्या सात वर्षांच्या पोराला प्रेमलानं अक्षरशः ओढून परत आणलं होतं.

"बाई, बाहीर या की जरा! ओटी भरायची तुमची."

प्रेमलाला वाटलं, आपण भलतंच ऐकलं. तिचा नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत ओटी तर सोडाच, हळदीकुंकवाच्या दिवशी सासरी तिला परसात बसवून ठेवत.

"नंदाबाई, मी विधवा आहे," ती आतूनच म्हणाली.

"आमाला काय करायचं त्याचं? तुमी आमच्या देवी हायेत!"

लोक मायेनं बोलतात तसं ही बोलली, असं प्रेमलानं धरलं. डोकं ठिकाणावर असतं तर बायकांमागं उभी असलेली लिंबाच्या डहाळ्या बांधलेली बैलगाडी तिला दिसली असती. पण बारा दिवसांच्या जाग्रणानं आणि त्या एका शब्दानं ती आंधळी झाली होती. घटकाभर जाऊन यावं, आपल्यालाही मन आहे, असं तिला वाटलं. त्यासाठी तिला दोष देणाऱ्यानं आधी नऊ वर्षं परसात बसून बघावं.

"चतुराबाई, हात थांबवू नका," चमचा देत ती म्हणाली. "ओकली तरी पाजत राहा. मी आलेच."

बायकांनी तिच्या खांद्यावर हिरवं लुगडं घातलं, कपाळभर मळवट भरला. तिच्या पदरात गहू, खण आणि नारळ पडला. नंदाबाईनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि प्रेमलाला रडू कोसळलं. मग दोन्हीकडून तिचे दंड धरून बायकांनी तिला अलगद गाडीत बसवलं आणि बैल चालू लागले.

पटकी हटेना झाली की त्या रोगाच्या देवीची, मरीआईची ओटी भरायची आणि तिला गाडीत बसवून वाजतगाजत शिवेपार सोडून यायचं, ही त्या भागातली जुनी रीत. देवीला हाकलायचं नसतं, मान देऊन बोळवायचं असतं. प्रेमलाबाईंच्या हातून मेलेली माणसं उठतात, म्हणजे देवी त्यांच्यातच आहे, असं पुंजाराम पाटलानं आणि वाडीनं ठरवलं. देवी शिवेपार जायची तर बाईंनाच जायला हवं, हेही मग ओघानंच आलं.

"उतरवा मला! माझी पोरगी मरून राह्यली तिथं!" प्रेमला ओरडली. हलगी आणखी जोरात वाजू लागली. वाडीतून देवीचा पाय निघेना, म्हणून बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. त्यांचं रडणं अगदी खरं होतं, म्हणून तर त्याचा इतका संताप येतो.

आष्टीच्या शिवेवर तिथली माणसं काठ्या घेऊन उभीच होती. "तुमची देवी आमच्यात नगं! गाडी फिरवा!" वाडीच्या गाडीवानानं गाडी फिरवली नाही. त्यानं बैल सोडले, गाडीला हात जोडले आणि बैल घेऊन तो बायकांच्या मागोमाग जवळच्या आडवाटेनं वाडीकडं निघून गेला. दोन्ही गावांना नकोशी झालेली प्रेमला भर उन्हात एकटी उरली. तिनं गाडीतून उडी टाकली, ओटी धुळीत ओतली आणि वाडीकडं पळत सुटली.

वाटेवर सगळी वाडी आधीच येऊन उभी होती. पुंजाराम पुढं आला. तिला हात लावायची त्याची छाती नव्हती.

"आई, माघारी येऊ नगा. वाडी ओस पडंल आमची," तो म्हणाला आणि वाटेत पालथा पडला. त्याच्यामागं एकेक करत सगळे आडवे झाले. दोन्ही बाजूंना बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि मधे सगळी वाट भरून माणसं.

प्रेमला त्यांच्यावरून चालत गेली. कुणाच्या पाठीवर पाय पडला, कुणाची बोटं चिरडली. नंदाबाई पोराला कुशीत घेऊन पडली होती. झोपलेल्या लेकराला कुणी ओलांडत नाही, त्याची वाढ खुंटते म्हणतात. प्रेमलानं त्यालाही ओलांडलं.

मांडवात चतुराबाई ताराच्या उशाशी बसली होती. पाण्याचं पातेलं काठोकाठ तसंच होतं आणि चमचा कोरडा होता.

"मी बिलकुल न्हाई पाजलं, बाई," शाबासकीच्या आशेनं ती म्हणाली. "देवी शिवेपार गेल्ती. आता पाणी दिलं तर रोग उलटून येतो. लई मागत व्हती, तोंड वासत व्हती. पण मी मन घट केलं."

प्रेमलानं चमचा भरून ताराच्या ओठांत धरला. पाणी गालावरून मानेत उतरलं. दुसरा भरला, तिसरा भरला. मनगट चाचपलं, मग मान, मग छातीला कान लावला. कुठंच काही नव्हतं. "मीच मारलं तुला, तारे," ती मोठ्यानं म्हणाली. "मूठभर गव्हासाठी मारलं." तिला जमिनीवर डोकं आपटून घ्यायचं होतं. पण पलीकडच्या बाजेवरून कुणीतरी "बाई, पाणी" म्हणालं, मग आणखी कुणी. अजून अकराजण होते.

ती उठली. चौथ्या माणसापाशी पोचली तेव्हा मांडवाच्या तोंडाशी नंदाबाई दिसली. ती पहिल्यांदाच दगडाच्या अलीकडं आली होती.

"बाई, रागावू नगा आमच्यावर. लई जीव हाय आमचा तुमच्यावर."

"जीव नको मला, नंदाबाई." प्रेमलाचा आवाज पार बसला होता. "आत या. त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला चमचा-चमचा पाणी पाजा. मला दोनच हात आहेत हो. या ना आत, पाया पडते तुमच्या."

नंदाबाई जागची हलली नाही. तिनं कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं, ताराकडं पाहिलं. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, मातीत गुडघे टेकले आणि बाहेरूनच प्रेमलाला मनोभावे नमस्कार केला.