पोरानं पुसून खाल्लं

मी डबा बोलतोय. स्टीलचा, तीन पुडांचा, वर धरायला कडी असलेला. ज्यात सॅलड नावाचा पाला कोंबून लोक ऑफिसात जातात, ते प्लास्टिकचे खोके माझे नातेवाईक नव्हेत. माझ्यातून जेवण जातं. निदान जावं, एवढीच माझी अपेक्षा असते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही, पण बारसं चांगलं आठवतं. नाशिकच्या भांडीबाजारात गौरांगच्या मामानं मला मुंजीच्या आहेरासाठी घेतलं आणि झाकणावर नाव घालायला दिलं. नाव घालणारा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारत होता, त्या नादात त्यानं एक मात्रा खाल्ली. ‘चि. गोरांग यास मुंजीप्रीत्यर्थ मामाकडून.’ मामा ओशाळला. गौरांगची आई अनसूयाबाई मात्र म्हणाली, “राहू दे रे. गोराच आहे माझा.”

त्यानंतर गौरांगची एकही सहल माझ्यावाचून गेली नाही. पांडवलेण्याला गेलो, सोमेश्वरला गेलो, गंगापूर धरणावर तर कितीदा. वरच्या पुडात गोड दशम्या, मधल्यात झुणका, खालच्यात दही आणि लिंबाचं गोड लोणचं. या मुलाला तिखटाचं बोट लागलेलंही चालत नसे. बोरं मात्र वेड्यासारखी आवडत आणि ती निवडण्याची अक्कल शून्य. खिसा भरून आणायचा आणि निम्मी किडकी निघायची. मग आई नखानं कीड काढून उरलेलं बोर त्याला द्यायची आणि त्याच्या बापाला म्हणायची, “तुमच्यावर गेलाय.”

पुढे गौरांग शिकला, कॅनडाला गेला आणि मी माळ्यावर गेलो. दोघांचीही बढतीच म्हणायची, उंचीच्या हिशेबानं.

गेल्या डिसेंबरात तो चार वर्षांनी सुट्टीवर आला. सोबत बायको संपदा. आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, “आई, या वेळी आम्हाला नाशिक एक्सप्लोर करायचंय.” ज्याचं अर्धं आयुष्य गंगापूर रोडवर सायकलला पंक्चर काढत गेलं, तो आता नाशिकचा शोध लावायला निघाला होता. शाळेतला मित्र अमोल वाटाड्या झाला. या अमोलचं वैशिष्ट्य असं, की एरवी तो गावात कुठेही जात नाही, पण परदेशातून कुणी आलं की त्याला सगळी ठिकाणं पाठ असतात. गाडी भाड्यानं ठरली आणि गाडीबरोबर निफाडकडचा समाधान नावाचा ड्रायव्हर आला.

गौरांगचे वडील वेणीमाधवराव गुडघ्यांमुळे घरीच थांबले. “तुम्ही या फिरून, मी घर सांभाळतो,” म्हणाले. घर कुठे पळून चाललं नव्हतं, पण माणसाला काहीतरी काम लागतं.

पहिल्या दिवशी पहाटे अनसूयाबाईनं मला माळ्यावरून काढलं, घासून लख्ख केलं आणि भरलं. दशमीत गूळ किती घालायचा ते तिच्या हातांना अजून ठाऊक होतं. मी गाडीच्या डिकीत बसलो तेव्हा मला अक्षरशः मुंजीच्या दिवसासारखं वाटत होतं.

आम्ही एका वायनरीत गेलो. म्हणजे ते गेले. दारावर पाटी होती, ‘बाहेरील खाद्यपदार्थ आत आणण्यास सक्त मनाई.’ मी जिथं होतो तिथंच राहिलो. आतली हकिकत परतीच्या वाटेवर कळली. डिकीत बसलं की ऐकण्याखेरीज दुसरं काम नसतं. टाय लावलेल्या एका मुलानं सगळ्यांना पेला हलवून हुंगायला लावला आणि विचारलं, कसले कसले वास येतात. गौरांगला ओल्या मातीचा वास आला. अमोलनं मागं राहायचं नाही म्हणून चामड्याचा आला असं सांगितलं. अनसूयाबाई म्हणाली, “म्हणजे पावसात भिजलेली चप्पल.” सगळे हसले. माझी आठवण कुणाला झाली नाही.

रात्री वेणीमाधवरावांनी विचारलं, “खाल्लं का पोरानं?”

“वेळच झाला नाही त्याला,” ती म्हणाली. मग दोघांनी गार दशम्या खाल्ल्या, एकमेकांकडे न बघता. भरलेल्या डब्यानं तसंच परत येणं ही आमच्यात नामुष्की असते. मला त्या दिवशी कडीसकट लाज वाटली.

दुसऱ्या वेळी निफाडजवळच्या एका शेतावर गेलो. तिथं शहरातल्या माणसांना खेडं दाखवतात. फेटा बांधतात, बैलगाडीतून विहिरीपर्यंत नेतात आणि परत आणतात. पाटी इथंही होती, फक्त शेणानं सारवलेल्या भिंतीवर होती. गाडी जेवणाच्या मांडवाला लागूनच उभी होती, त्यामुळे सगळं नीट ऐकू आलं. चुलीवरचं पिठलं वाढलं गेलं. गौरांगनं आधी त्याचा फोटो काढला, मग फेट्यासकट स्वतःचा, मग एक घास खाल्ला आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, “आई, असं पिठलं घरी का गं होत नाही?”

सकाळी केलेला झुणका माझ्या मधल्या पुडात होता.

थोड्या वेळानं अनसूयाबाई “चष्मा राहिला गाडीत” म्हणून उठली. चष्मा तिच्या डोक्यावरच होता. समाधान गाडीच्या सावलीत पाय मोडून बसला होता.

“जेवलास का रे?”

“नाय ओ काकू. आमचं काय, घरी गेल्यावर पाहू.”

तिनं डिकी उघडली, मला बाहेर काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. तो नको नको म्हणाला, तेवढं म्हणावंच लागतं. मग त्यानं दशमी मोडली. किती वर्षांनी घराबाहेर कुणीतरी माझ्यात बोटं घातली. त्यानं शेवटचा पूड दशमीच्या तुकड्यानं असा पुसून घेतला, की धुवायची गरज नव्हती. अनसूयाबाई तिथंच दगडावर बसून बघत राहिली. मांडवातून दोनदा हाक आली तरी उठली नाही.

त्या रात्री पुन्हा तोच प्रश्न. “खाल्लं का पोरानं?”

“पुसून खाल्लं पोरानं,” ती म्हणाली. यात खोटं एक अक्षर नव्हतं. पोर कुणाचं, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

मी मात्र त्या रात्री घरी नव्हतोच, गाडीतून समाधानबरोबर त्याच्या गावी गेलो होतो. हा संवाद मागाहून अनसूयाबाई मोलकरणीला सांगत होती, तेव्हा मी ऐकला. समाधानची बायको दीपमाला भाजीपाला पिकवते. तिनं मला घासलं आणि सकाळी ओल्या हरभऱ्यानं भरून धाडलं. “रिकामा डबा देऊ नये, आमची दीपा ऐकत नाय,” समाधान म्हणाला. हरभरा टपोरा होता, एक घाटा पोकळ निघाला नाही.

मग पायंडाच पडला. अनसूयाबाईनं कंबरेचं कारण सांगून फिरायला जाणं सोडलं, पण डबा सोडला नाही. गौरांग मला बघून लाडानं म्हणायचा, “आई, कशाला त्रास घेतेस? बाहेर सगळं मिळतं.” आणि मला डिकीत ठेवायचा. त्याची समजूत अशी, की डबा म्हणजे आईचा आशीर्वाद. सोबत असला की झालं, उघडायची गरज नाही. देवळाली कॅम्पात खारी-बिस्किटं, इगतपुरीच्या रिसॉर्टात पास्ता, मळ्यातल्या मिसळीवर तीन वेगळ्या रविवारी तीन वेगळे वाद. आणि दर वेळी बाहेर, गाडीच्या सावलीत, माझं झाकण उघडायचं.

एकदा अनसूयाबाईनं समाधानला विचारलं, “गोड आवडतं ना रे?”

“आवडतं ना. पण काकू, दशमी खाल्ली का डोळे लागत्यात. अन् मला तर गाडी हाणायची.”

दुसऱ्या दिवसापासून माझ्यात बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा आला. या घरात लसूण आजवर पाहुण्यासारखा यायचा, आता बिऱ्हाड करून राहिला. पहिल्या दिवशी मला स्वतःच्याच वासाची शरम वाटली. नंतर सवय झाली. नंतर अभिमान.

सुट्टी संपली. निघताना आईनं हातावर दही घातलं, वडील दारापर्यंत आले. मी समाधानच्या शेजारच्या सीटवर होतो. मुंबईला नव्या रस्त्यानं पटकन पोचता आलं असतं, पण गौरांगला जुन्या कसारा घाटाचा निसर्ग बघायचा होता. घाटात एक कंटेनर आडवा पडला होता, त्यामुळे निसर्ग मनसोक्त बघायला मिळाला. गाडी हलेना. संपदाच्या पर्समधली बिस्किटं संपली. मग गौरांगच्या डोक्यात उजेड पडला.

“अरे, आईनं डबा दिलाय ना!”

त्यानं मला मांडीवर घेतलं. संपदानं झाकण वाचलं. “हा गोरांग कोण?”

“मीच,” तो म्हणाला. जरा हळू म्हणाला.

डोळे मिटून त्यानं दशमीचा वास घ्यायची तयारी केली आणि झाकण उघडलं. लसणानं त्याचं स्वागत केलं. तरीही त्यानं एक घास खाल्ला. कानशिलं लाल झाली, डोळ्यांतून पाणी आलं. “आईला माहीत नाही का, मला तिखट चालत नाही ते?”

समाधान समोरच्या ट्रककडे बघत राहिला. मग म्हणाला, “दादा, ते माझं हाय. काकू मला देत्यात.”

“आणि माझं?”

“तुमचं व्हतं ना. दशम्या, झुणका, लोणचं. निफाडला आणलं व्हतं. तुम्ही आत व्हते.”

मी गौरांगवर तीन आठवडे चिडलो होतो, खरं सांगतो, पण त्या क्षणी मला त्याची दया आली. समाधाननं भाकरीचे तीन वाटे केले. संपदानं मिटक्या मारत खाल्लं. गौरांगनं नाक पुसत, हायहुय करत, तळाचा ठेचासुद्धा भाकरीनं पुसून घेतला.

मग त्यानं बाटलीतल्या पाण्यानं मला विसळलं आणि तो थांबला. रिकामा डबा हातात घेऊन गाडीतून उतरला. रस्त्याच्या कडेला एक बाई टोपलीत काहीबाही विकत होती. तो परत आला तेव्हा मी जड होतो. समाधानजवळ त्यानं आईसाठी काही निरोप दिला नाही. विमान त्याला मिळालं.

संध्याकाळी समाधान मला देऊन मुकाट्यानं गेला. अनसूयाबाईनं झाकण उघडलं. आत बोरं.

“कुणी दिली?” वेणीमाधवरावांनी विचारलं.

“पोरानं.”

“कुठल्या पोरानं?”

ती दचकली. म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. एवढे दिवस तो घरच नव्हे, तिचं उत्तरही सांभाळत होता.

तिनं एक बोर फोडलं. किडकं. दुसरं फोडलं, तेही किडकं. तिसरं आंबट. तिला रडू आलं आणि हसूही आलं.

“आपल्याच,” ती म्हणाली.

दोघं ओट्याशी उभी राहून नखानं कीड काढत सगळी बोरं खाऊन मोकळी झाली. एक टाकलं नाही.

सध्या मी खुशाल आहे. समाधान दुसऱ्या भाड्यावर असला तरी आठवड्यातून एकदा नेतो, दीपमाला भरून पाठवते. तुमच्यापैकी कुणाच्या डिकीत माझा एखादा भाऊबंद पडून असेल, तर एवढंच सांगतो: मनाईची पाटी दारावर असते, झाकणावर नसते. झाकणावर बहुतेक तुमचंच नाव असतं. एखादी मात्रा कमी असली, तरी घर चुकत नाही.