वारा कोणी घेतला

साडू हे नातं देवाने कोणत्या तंद्रीत तयार केलं असेल, याचा चष्मेवाल्याने आयुष्यात बराच विचार केला होता. भाऊ म्हणावा तर रक्त नाही, मित्र म्हणावा तर निवड नाही. एकाच घरातल्या दोन मुलींशी लग्न केलं, एवढ्या गुन्ह्यासाठी दोन परक्या माणसांनी जन्मभर एकमेकांकडे बघून हसायचं. त्यात त्याच्या वाट्याला आलेला साडू दातांचा डॉक्टर होता. समोरच्याने तोंड उघडं ठेवून, एक शब्द न बोलता आपलं ऐकावं, ही डॉक्टरांची धंद्याचीच सवय होती आणि ती त्यांनी घरीही सोडली नव्हती.

सायकलवरून चार दिवस किल्ले बघत हिंडायची कल्पना अर्थात डॉक्टरांचीच. दोघांनी टेकड्यांमधल्या रस्त्याने सायकल हाणायची आणि दोघी बहिणींनी गाडीने पुढे जाऊन त्या त्या किल्ल्यावर वाट बघायची. चष्मेवाला एरवी "चष्म्यांचं दुकान कोण बघणार" म्हणून सुटला असता. पण या वेळी बोलावणं थोरलीचं, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचं होतं, आणि दोन वर्षांत थोरलीने आपल्या धाकट्या बहिणीला केलेला तो पहिला फोन होता.

दोघींचं बिनसलं ते आईच्या आजारपणात. सासूबाई शेवटचे दिवस हॉस्पिटलात होत्या आणि रात्रभर त्यांच्या उशाशी चष्मेवाला बसत असे. डॉक्टर सकाळी यायचे, नर्सला दोन प्रश्न विचारायचे आणि निघायचे. सासूबाई गेल्या. समाचाराला आलेल्यांसमोर डॉक्टरांनी सुस्कारा टाकून सांगितलं, की सगळ्या रात्री मी काढल्या, अजून झोप लागत नाही. धाकटी तिथल्या तिथे म्हणाली, की हे खरं नाही. थोरलीने नवऱ्याची बाजू घेतली. घेणारच, नवरा खोटं बोलतो हे भर चारचौघांत कोण कबूल करेल? त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं ते झालंच.

निघायच्या आधी धाकटीने चष्मेवाल्याला समोर बसवून एकच अट घातली.

"डॉक्टर काय वाटेल ते बोलले तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. टोमणा नाही, खाकरणं नाही, ते तुमचं भुवई उडवणंही नाही. माझी बहीण मला परत मिळतेय."

चष्मेवाल्याने कबूल केलं. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची खेचणाऱ्या माणसाने मौन पाळायचं म्हणजे पोटातलं उलटून वर येऊ न देण्यासारखं होतं. पण त्याचा बायकोवर जीव होता आणि दोन वर्षं ती आतल्या आत झुरताना त्याने पाहिली होती.

डॉक्टरांची सायकल करंगळीवर उचलता यायची आणि ते प्रत्येक गावात कोणाला तरी ती उचलून बघायला लावायचे. पिठाच्या दुकानातल्या एका म्हातारीने उचलली, परत ठेवली आणि विचारलं, की मग हिच्यावर बसता येतं का? डॉक्टरांचे कपडे इतके घट्ट होते, की पोट आत घ्यायची सोयच उरली नव्हती. चष्मेवाल्याची सायकल लोखंडी, मूळची त्याच्या वडिलांची. तिला कोणी उचलून बघावं असं तिचंही म्हणणं नव्हतं.

लांबच्या सायकलवाल्यांत एक रिवाज असतो. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या आडोशाने अर्ध्या कष्टात येतो, आणि दर थोड्या वेळाने दोघे जागा बदलतात. डॉक्टरांनी या रिवाजातला पहिला भाग मनापासून स्वीकारला होता. "तू मागेच राहा, तुला झेपायचं नाही," असं म्हणून ते पुढे राहत. चष्मेवाला पुढे होऊ लागला, की ते पॅडल जोरात मारत. आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सांगत, "आज परत मीच ओढत आणलं याला. वारा काय होता महाराजा!" थोरली कौतुकाने ऐके. चष्मेवाला सूप पिई. धाकटी टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसे, घोड्याला थोपटतात तसा.

उपाय मात्र लागू पडत होता. पहिल्या दिवशी दोघी बहिणी हवापाण्यावर बोलल्या, दुसऱ्या दिवशी एकमेकींच्या गुडघेदुखीवर. तिसऱ्या सकाळी चष्मेवाल्याने खिडकीतून पाहिलं, तर दोघी अंगणात एकाच बॅगेवर बसून ती बंद करू पाहत होत्या आणि हसून हसून त्यांना बसवत नव्हतं. त्याला फार बरं वाटलं. आता डॉक्टरांनी आपल्याला टोपलीत घालून आणलं म्हणून सांगितलं तरी चालेल, असं त्याने मनाशी ठरवलं.

शेवटचा दिवस मोठ्या चढाचा होता. किल्ला टेकडीच्या टोकावर, आणि रस्ता द्राक्षांच्या बागांमधून वळसे घेत थेट त्याच्या दाराशी जाणारा. डॉक्टरांनी आदल्या रात्रीच शास्त्र लावलं होतं. चढाला वजन हा शत्रू. म्हणून त्यांनी सकाळी सायकलची घंटी काढली, दुसरी पाण्याची बाटली काढली, पंपही काढला. शेवटी आपल्या त्या महागड्या चिकट गोड खाऊच्या पुड्याही बायकांच्या गाडीत ठेवून दिल्या. पुड्यांचं वजन एका चिमणीएवढं असावं. स्वतःच्या पोटाचं वजन त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं.

किल्ला समोर दिसू लागला, तोवर डॉक्टरांचा चेहरा कवळीच्या साच्यासारखा पांढरा पडला होता. खालच्या गावातल्या विहिरीपाशी ते सायकलवरून उतरले, म्हणजे खरं तर सायकलच त्यांच्याखालून निघून गेली. ते कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, की हवेत ऑक्सिजन कमी आहे. शेजारून एक बाई दोन बादल्या घेऊन गुणगुणत चढ चढून गेली.

चार दिवसांत सुचलेले सगळे टोमणे चष्मेवाल्याच्या जिभेवर एकदम गर्दी करून आले. त्याने ते गिळले, खिशातून पाव आणि उकडलेली अंडी काढली. डॉक्टरांनी आधी मान हलवली, कारण पाव त्यांच्या शास्त्रात बसत नव्हता. मग त्यांनी दोन्ही पाव आणि तिन्ही अंडी खाल्ली.

पुढचा सगळा चढ चष्मेवाला पुढे होता. वारा समोरून येत होता आणि डॉक्टर त्याच्या मागच्या चाकाला चिकटून, मान खाली घालून येत होते. त्याची मांडी भरून आली, छातीचा भाता झाला, तरी दर वळणावर तो मागे बघे आणि डॉक्टर मागे पडले असतील तर वेग कमी करी. आपण याची इतकी काळजी का करतोय, याचा त्याला राग आला. हॉस्पिटलातल्या खुर्चीतही असाच राग आला होता आणि तिथेही तो उठून घरी गेला नव्हता.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे मागून आवाज आला.

"ऐक ना. आता मला पुढे जाऊ दे. त्या दोघी दारात उभ्या असतील."

चष्मेवाल्याने क्षणभर पॅडल थांबवलं. त्याला अंगणातली ती बॅग आठवली. तो कडेला झाला. डॉक्टर पोट सावरत, दात विचकत पुढे गेले आणि पाचेक मिनिटांची विश्रांती घेतल्यासारखे ताठ होऊन किल्ल्याच्या दारातून आत शिरले. दारात कोणीच नव्हतं. दोघी वर बुरुजावर होत्या.

डॉक्टर किल्ल्यातल्या मुक्कामाच्या खोलीत आंघोळीला गेले, दोघी खाली उतरल्या, तेव्हा चष्मेवाला सहज बुरुजावर चढला. तिथे प्रवाशांसाठी नाणं टाकून बघायची दुर्बीण होती. धंद्याच्या सवयीने त्याने आधी काच तपासली, मग डोळा लावला. सगळा चढ हातावर घेतल्यासारखा स्पष्ट दिसत होता, एकेक वळण. खाली विहिरीच्या कट्ट्यावर अंड्यांची टरफलंसुद्धा दिसत होती. त्याला घाम फुटला. मग आपण कुठे काय चोरलंय, असं स्वतःला समजावून तो खाली आला.

जेवण किल्ल्याखालच्या खानावळीत, उन्हं असतानाच होतं. डॉक्टर ताजेतवाने होऊन बसले, रुमाल मांडीवर पसरला आणि सुरू झाले. आजचा चढ म्हणजे जीवघेणा. साडूने तर विहिरीपाशी अंगच टाकलं. आपणच त्याला पाव खायला घातला, धीर दिला, आणि मग वर येईपर्यंत वारा एकट्याने घेतला.

चष्मेवाला सूप पीत राहिला. धाकटीचा हात या वेळी त्याच्या गुडघ्यावर नव्हता. ती बहिणीकडे बघत होती.

थोरलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आम्ही दुपारपासून दुर्बिणीपाशीच होतो. वेळ संपली, की मी परत नाणं टाकत होते."

डॉक्टर हसले. असल्या जत्रेतल्या दुर्बिणीत काय दिसणार, म्हणाले. माणूस की मेंढी तेही कळत नाही. चष्म्याचं दुकान असलेल्या माणसाला विचारा, असंही म्हणाले. चष्मेवाला सूप ढवळू लागला.

थोरलीने चमचा खाली ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता.

"आईपाशी रात्री कोण बसायचं?"

डॉक्टर पाणी प्यायले. रुमालाची घडी घातली, उलगडली. तोंड उघडलं, मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसले होते.

"हा," ते शेवटी म्हणाले. चष्मेवाल्याकडे त्यांनी नुसती मान केली, वर बघितलं नाही.

थोरली उठली. टेबलाला वळसा घालून धाकटीच्या मागे गेली आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून तशीच उभी राहिली. दोघी रडत होत्या आणि खानावळवाला हातात भांडं घेऊन, पुढे यावं की नाही, असा घुटमळत होता. चष्मेवाल्याचेही डोळे भरून आले, त्याने ते चष्म्यावर ढकललं.

जरा वेळाने धाकटीने नाक पुसलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बोला आता. काय बोलायचं असेल ते बोला."

चार दिवसांचा साठा तयार होता. घंटी होती, चिमणी होती, बादल्यांची बाई होती. चष्मेवाल्याने समोर बसलेल्या साडूकडे पाहिलं. तो माणूस उन्हात टाकलेल्या पालेभाजीसारखा दिसत होता. चष्मेवाल्याने आपल्यापुढचा पाव मोडला आणि अर्धा त्याच्या ताटात ठेवला.

"काच चांगली आहे त्या दुर्बिणीची," तो म्हणाला.