शेठच्या केबिनची कडी

"हर औरत के अंदर एक शेरनी सोई है!" असं तो सूटबूटवाला म्हणाला आणि माझं डोकंच सटकलं. शेरनी कसली डोंबलाची! दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवून आमची मान मोडते, त्या शेरनीला झोपायला जागा कुठे आहे?

पर्वत पाटिया नाक्याजवळच्या आमच्या कारखान्यात शेठने हा साहेब खास बोलावला होता, बायकांची हिंमत वाढवायला. हिंमत! बायकांच्या संडासात साड्यांची खोकी भरून ठेवलीत, ती आधी काढ म्हणावं. शेठच्या केबिनला टाइल्सवाला संडास आहे, तो त्याच्या एकट्याचा. आम्ही जायचं रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर, तेही सुपरवायझर वाल्मिकला विचारून, त्याची बोलणी खाऊन. म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. माझ्या शेजारच्या प्रमिलाबाईला तर त्यापायी मुतखडा झाला. डॉक्टर म्हणतो, भरपूर पाणी प्या, रोखून धरू नका. पण शेठला सांगणार कोण? रंजना बोलली होती, तिला कामावरून काढलं, ती आता घरी बसलीय. प्रमिलाबाईचा नवरा आधीच घरी बसलेला, तिच्या कामावरच चूल पेटते.

साहेबाने सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या. "पूरी खतम करो! आळस धुऊन निघेल!" शेठनेही आमच्यासमोर गटागटा रिकामी केली. मग काय, प्यावीच लागली. त्यानंतर साहेब जो सुटला, तो थांबायचं नाव घेईना. डोंगर चढा म्हणे, आभाळाला हात लावा म्हणे. प्रमिलाबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वर्षा, आता नाही सहन होत गं," तिने माझा हात गच्च धरला. जीव तुटला माझा.

तेवढ्यात साहेब ओरडला, "ज्या गोष्टीला आजवर घाबरलात, ती आत्ता करा! आहे कोणात हिंमत?"

प्रमिलाबाई उठली. माय वं! शेठच टाळ्या वाजवायला लागला. ती सरळ त्याच्या केबिनमध्ये शिरली आणि आतल्या संडासाची कडी लागल्याचा आवाज आला.

टाळ्या बंद.

"ए बाई, बाहेर निघ! कामावरून काढून टाकीन!" वाल्मिक दार बडवायला लागला.

"साहेबच बोलले ना, घाबरू नका," आतून आवाज आला. "काढायचं तर काढा वाल्मिकभाऊ, पण आधी माझं होऊ द्या."

नोकरी मलाही हवी होती, खोटं कशाला बोलू? तरी उठले आणि केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले. माझ्यामागे सरलाबाई, तिच्यामागे उषाबाई, मग सगळ्याच. वाल्मिक कोणाकोणाला काढणार? साहेबाला वाटलं, आपलं भाषण लागू पडलं. तो रांगेचे फोटो काढत सुटला.

मग शेठ लगबगीने आला. बाटली त्यानेही संपवली होती ना!

"अरे बेन, जरा बाजूला व्हा, मला अर्जंट आहे."

एकही बाई हलली नाही. कडी उघडून प्रमिलाबाई बाहेर आली, पदराने हात पुसत.

"शेठ, समोर पंप आहे," ती म्हणाली. "वाल्मिकभाऊंना विचारून जा."

शेठने रांगेकडे पाहिलं, रस्त्यावरच्या ट्रकांकडे पाहिलं आणि वाल्मिकवर खेकसला, "बघतो काय उभा? काढ ती खोकी संडासातून!"

पहिलं खोकं शेठने स्वतःच उचललं.