मनूच्या पिशवीतला मँगेनीजचा दगड

मित्रांनो, मी मँगेनीजचा एक काळा दगड आहे. ओबडधोबड, नारळाएवढा. मला हातात घ्याल तर बोटांना काजळीसारखा रंग लागेल. खानापूरच्या रानात तांबड्या मातीखाली मी किती काळ पडून होतो, ते मलाही सांगता येणार नाही. इंग्रजांच्या अमदानीत तिथे खाण सुरू झाली आणि एके दिवशी माझ्यावर पहार आदळली.

खाण म्हणजे टेकडीच्या कुशीत खणलेला मोठा खड्डा. पुरुष दगड फोडत, बायका बुट्ट्या भरून वर वाहत. मला वर आणलं ते जयाबाईने. तिचा नवरा रवळूही त्याच खाणीत होता. मुकादम यल्लाप्पाने मला धुऊन उन्हात धरलं आणि म्हणाला, "नमुना झ्याक हाय. बेळगावला धाडू या."

बेळगावात खनिजांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे मला हिरव्या कापडावर बसवलं. शेजारी अभ्रक होतं, लोखंडाचा दगड होता. लोक वाकून बघत आणि वाखाणत. खरं सांगतो, मला ते फार आवडलं.

शेवटच्या दिवशी मारुतीराव गुरुजी आपल्या शाळेतली मुलं घेऊन आगगाडीने आले. त्यांत जयाबाईची मुलगी मनू होती. मला बघताच ती ओरडली, "गुरुजी, ह्यो आमच्या खाणीतला!"

एरवी भूगोल आणि गणित वेगवेगळ्या तासांना शिकवणारे गुरुजी त्या दिवशी माझ्यावरच सगळं शिकवू लागले. त्यांनी तराजूत एकीकडे मला आणि दुसरीकडे माझ्याएवढाच जांभा ठेवला. माझं पारडं धाडकन खाली गेलं. मग नकाशावर खानापूरहून लोंढा, तिथून मुरगाव बंदर आणि पुढे समुद्र, अशी माझी वाट दाखवली.

"विलायतेत पोलाद करताना हा घालतात," गुरुजी म्हणाले. "आगगाडीचे रूळ त्याच पोलादाचे."

"म्हंजे आईनं वाहिलेल्या दगडावरनं गाडी पळती?" मनूने विचारलं. गुरुजी हसून हो म्हणाले.

मांडवाच्या टोकाला काचेच्या पेटीत वाळूची टेकडी केली होती. तिथल्या माणसाने पळीने तिचा पायथा कोरला. आधी वरून थोडे दाणे घरंगळले. मग आख्खी बाजूच खाली आली. मुलं हसली. मनू मात्र पेटीकडे बघत राहिली.

"गुरुजी, आमच्या खाणीत बी असंच खालनं कोरत्यात."

"वरची माती आधी काढत नाहीत?"

"न्हाय. दगड खाली असतोय न्हवं."

 निघताना गुरुजींनी मला मागून घेतलं आणि मनूच्या पिशवीत घातलं.

घरी येताच मनूने अंगणात वाळूचा ढीग केला आणि पायथा कोरून आईबापाला दाखवला. रवळू दुसऱ्या दिवशी यल्लाप्पाकडे गेला आणि मान खाली घालून परत आला. "वरची माती काढायला मानसं न्हाईत म्हनतोय. भ्या वाटतंय तर घरी बसा, म्हनला." घरी बसून चूल पेटणार नव्हती.

जयाबाई मात्र ढिगाजवळ बसून राहिली. "परत कर बघू," ती म्हणाली. मनूने परत केलं.

"आदी बारीक खडं पडत्यात, मग सगळं. व्हय गं?"

"व्हय आई. खडं पडाय लागलं की पळायचं."

पुढचं मला कळलं ते बाळाबाईच्या तोंडून. तीही बुट्ट्या वाहायची. परतीचा पाऊस होऊन गेला होता. जयाबाई वर बुट्टी ओतून उभी होती. खालच्या बायकांच्या डोक्यावरच्या कड्यावरून बारीक खडे सुटताना तिला दिसले. ती ओरडत थेट खाली धावली, "भाईर पळा गं! कडा आला!" बायका बुट्ट्या टाकून पळाल्या. बाळाबाई वाकलेली होती, तिला कळलंच नाही. जयाबाईने तिला दंडाला धरून बाहेर ढकललं. मग कडा कोसळला. रवळूने आणि बाकीच्यांनी हातांनी माती उपसली, पण जयाबाई जिवंत सापडली नाही.

बाळाबाई रडत हे सांगत होती. मनू रडली नाही. "मी शिकवलं नसतं तर आई वरच ऱ्हायली असती," ती म्हणाली. बाळाबाईने तिला जवळ ओढलं. 

खाण पुन्हा सुरू झाली, तशीच खालून कोरत. आईच्या जागी मनू बुट्ट्या वाहू लागली. गुरुजी घरी आले तेव्हा रवळू म्हणाला, "मी शाळंला नको म्हनलो न्हाय, गुरुजी. तीच येत न्हाय." मनू आत गेली, मला घेऊन आली आणि तिने मला गुरुजींच्या हातात ठेवलं.

"ह्यो शाळंत ठेवा," ती म्हणाली. "पोरास्नी वाळूचं बी दाखवा."

आता मी शाळेत आहे. वारा सुटला की मुलं मला दाराला लावतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, कधीतरी मला उचलून बघा. माझं वजन करा, नकाशावर माझी वाट शोधा. तुमच्यातल्या कुणाची आई खाणीत जात असेल, तर तिला वाळूचा ढीग करून दाखवा. आणि तिला हेही सांगा, की पळायचं ते बाहेर, आत नाही. ती ऐकेलच असं मी म्हणत नाही. तरी सांगा.