ढगाळ दिवसांचा खुराक

घड्याळं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाच्या हाती कुणी मासे सोपवतं का? पण ताईचा नाइलाज होता. तिची लेक बाळंत व्हायची होती, जाणं भाग होतं, आणि तळ्यातले पाच हजार मासे येऊन पडले धाकट्या भावाच्या गळ्यात.

ऊन असलं तर सकाळी दोन बादल्या दाणे, आभाळ आलं तर एकच, असं तिने निघताना दहादा बजावलं होतं. घड्याळजीला ते काही पटेना. माशांना उन्हाचं काय सोयरसुतक? ते काय वाळवण घालतात? तरी आभाळ भरून आलं तेव्हा त्याने नाक मुरडत एकच बादली टाकली. पण डोक्यातला किडा गप्प बसतोय होय! दाणे पाण्यावर तरंगायचे, म्हणून ते संपायला लागणारी वेळ तो पहिल्या दिवसापासून मोजत होता. उन्हात सहा मिनिटांत पाणी साफ झालं होतं. आज वीस मिनिटं झाली तरी दाणे आपले तरंगतायत. दुसऱ्या दिवशीही तेच. हे काय गौडबंगाल, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

आभाळाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे तो काठावर आला आणि चरकला. सगळं तळं वर आलेलं, हजारो तोंडं उघडी. बिचारे उपाशी! बहिणीच्या कंजूषपणाला मनातल्या मनात चार शिव्या हासडून त्याने दोन बादल्या काठोकाठ भरल्या, पहिली मूठ फेकली आणि सवयीने घड्याळ पाहिलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. दाणे माशांच्या ओठांना लागत होते, पण एकही तोंड मिटत नव्हतं. घास तोंडाशी आल्यावर उपाशी जीव असा थांबतो का? दुसरी मूठ त्याच्या हातातच राहिली. त्याने ताईला फोन लावला.

"बादली खाली ठेव," ती म्हणाली. "ते खायला नाही, श्वासाला वर आलेत. आधी पंखा लाव."

त्याने धावत जाऊन बटण दाबलं. पाणी घुसळणारा पंखा फिरू लागला. उन्हाशिवाय पाण्यातल्या शेवाळाला हवा तयार करता येत नाही, रात्रीत होती नव्हती ती संपते, माशांची भूक मंदावते, आणि भरल्या पोटी माशांना हवा जास्तच लागते, हे तिने तेव्हा समजावलं. मग विचारलं, किती टाकलंस? एक मूठ, तो म्हणाला.



"पहिल्या वर्षी मी दोन्ही बादल्या ओतल्या होत्या," ती म्हणाली. "दुपारपर्यंत मेलेल्या माशांनी सगळं तळं पांढरं झालं. माशांवर रोग पडला म्हणून घरात सांगितलं. तुझ्या भावोजींनाही अजून माहीत नाही."

 मासे एकेक करून खाली जातायत, एवढं त्याने सांगितलं.

"फोन जरा पाण्याजवळ धर," ती म्हणाली.

तो काठावर उकिडवा बसला आणि हात लांब करून फोन पाण्याजवळ धरून राहिला.