दुपारी झाकलेला विस्तव

मी एक जुनं फावडं आहे, राख ओढायचं. लिथुआनियातल्या पाइनच्या जंगलाकाठी, एका लाकडी घरात चुलीशेजारी माझी जागा. लोहारानं मला मोडक्या नांगराच्या फाळातून घडवलं, तेव्हापासून माझं काम एकच: संध्याकाळी निखारे गोळा करून राखेखाली झाकायचे. आमच्याकडे चुलीतला विस्तव म्हणजे गाबिया देवी. घरची दोमित्सेलेआजी तिला चिमूटभर मीठ घालायची आणि म्हणायची, "नीज बाई आता." एकदा झाकली की सकाळपर्यंत तिला कुणी उठवायचं नाही.

एका उन्हाळ्यात कौनस शहरातून स्किरमांतास नावाचे प्राध्यापक आले. गाबिया हे नाव आलं कुठून, हे त्यांना हवं होतं.

"आई म्हणायची, आपल्या बोलीतल्या 'झाकणे' या शब्दावरून आलं," आजी म्हणाली. "सासू म्हणायची, आगीपासून राखणाऱ्या संत आगाथेवरून. खरं काय, मला माहीत नाही. तुम्हीही ठरवून टाकू नका, साहेब."

साहेबांच्या पुस्तकात छापून आलं: नाव संत आगाथेचंच, दोमित्सेलेनं खात्रीनं सांगितलं.

"काय गं दोमित्सेले, साहेब दिसल्यावर आईला खोटं पाडलंस होय?" चर्चबाहेर बायका विचारू लागल्या. आजीनं चर्चला जाणं सोडलं. त्याच हिवाळ्यात ती गेली. "तेवढं पान बदलायला लाव," एवढंच जाताना लेकीला, बारबोराला म्हणाली.

मित्रांनो, लोखंडालाही राग येतो. तो विझू नये म्हणून काय करायचं, हे मला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत साहेब पुन्हा आले, आजीची गाणी लेकीकडून उतरवून घ्यायला. ओले बूट काढून चुलीला पाय लावून बसले.

"आधी आईचं पान दुरुस्त करा," बारबोरा म्हणाली.

"एका म्हातारीसाठी पुस्तक पुन्हा छापू?"

बारबोरानं मीठ घेतलं, मला उचललं. मी एकही निखारा उघडा ठेवला नाही.

"अहो, आत्ता कुठे बारा वाजलेत."

"दमलीय ती. झाकल्यावर उठवू नये, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

दुपार कलेपर्यंत दौतीतली शाई गोठली. ओलेच बूट चढवून, कोरी वही घेऊन ते निघून गेले.

पान काही बदललं नाही. बारबोराही आईची शाल पांघरून सकाळपर्यंत कुडकुडत बसली, पण निखारे उघडले नाहीत. मला मात्र तो गारठा अजून गोड लागतो.

मित्रांनो, कुणी 'माहीत नाही' म्हणालं, तर तेही तितक्याच जपून लिहा. ते न करता आमच्या दारी यायचं असेल, तर गरम कपडे घेऊन या.